आधी वसुलीचा तक्ता, मग राज्यघटना

प्रिय मित्रा,

तुझ्या कादंबरीतल्या देशाचा आराखडा वाचला. नकाशा, ध्वज, घटनेची कलमं, सगळं नेटकं. पण तिथली माणसं सत्तेसाठी काय करतात, ते कळत नाही. घटनेतून ते कळणारही नाही, वसुलीतून कळेल.

शेतकऱ्याकडून शंभर रुपये निघाले, तर वाटेत कुणाच्या हाताला किती लागतात, हे आधी लिही. शाहू महाराजांच्या काळातली चौथाई बघ. 1719 च्या मुघल सनदांनी त्यांना दख्खनच्या सहा सुभ्यांतल्या महसुलावर 25 टक्के चौथ (म्हणजेच चौथाई) आणि 10 टक्के सरदेशमुखी मिळाली. सरदेशमुखी छत्रपतींची. चौथाईतला मात्र चौथा हिस्साच त्यांचा, तो राजबाबती. चौथाईतलाच 6 टक्के साहोत्रा अष्टप्रधानांतल्या सचिवांकडे, 3 टक्के नाडगौडा छत्रपती देतील त्याला, आणि उरलेला 66 टक्के मोकासा फौज बाळगणाऱ्या सरदारांना. त्यात एकेका सरदाराचे अंमल ठिकठिकाणी विखुरलेले. सरदार पुढे शिरजोर का झाले आणि हिशेब ठेवणाऱ्या कारकुनावाचून कुणाचं पान का हलेना, याचं निम्मं उत्तर या वाटणीत आहे. (उरलेलं निम्मं कर्जात. सावकाराला विसरू नकोस.)

तुझ्या तक्त्यात पाच-सहा वाटेकरी पुरेत. बेरीज शंभर यायला हवी. नाही आली, तर मधले कोण खातं ते ठरव.

मग शिरगणती. लेबनॉनमध्ये 1932 नंतर ती झालेलीच नाही. 1943 च्या अलिखित करारापासून अध्यक्ष मॅरोनाइट ख्रिस्ती आणि पंतप्रधान सुन्नी, सभापतिपद शियांकडे. संसदेत ख्रिस्ती-मुस्लिम प्रमाण 6 ला 5 होतं, ते 1989 च्या तैफ करारानं निम्मंनिम्मं केलं. नव्यानं डोकी मोजली तर ही सगळी वाटणी उघडी पडेल, म्हणून कुणी मोजत नाही. तुझ्या देशातही मोजायला सगळे बिचकतात असं काहीतरी हवं: जमीन, जात, सैन्यातली हजेरी, काहीही.

प्रत्येक नियमाशेजारी तो चुकवायला किती माणसं लागतात तो आकडा लिही. आपल्याकडे 1985 च्या पक्षांतरबंदीत एक-तृतीयांश आमदार फुटले तर मोकळीक होती. 2003 मध्ये ती गेली, दोन-तृतीयांशांच्या विलीनीकरणाची वाट राहिली. म्हणजे 30 आमदारांच्या पक्षात 10 जणांनी भागायचं, तिथं 20 लागू लागले. नियमानं फुटणं थांबलं नाही, घाऊक झालं.

सगळी सत्ता एका दुष्टाच्या हाती देऊ नकोस. त्याचे हुकूम खाली पोचवणारा, उशीर करणारा, नक्कल विकणारा कुणीतरी लागतोच. त्या माणसाचा पगार किती, बदली कोण करतं आणि तो साहेबाला काय म्हणून हाक मारतो, एवढं ठरवून पहिलं प्रकरण पुन्हा लिही. घटनेची कलमं तूर्त बाजूला ठेव. हवी तेव्हा एखाद्या वकील पात्राच्या तोंडी येतील, तीही चुकीची उद्धृत केलेली.

तुझा,
एक जुना वाचक