वाचक विचारतात : स्वतःच्या गाडीने नेपाळ

प्रश्न : आम्ही दारव्हा तालुक्यातील पाच वर्गमित्र असून दरवर्षी अशोक विजयादशमीला सोबतच दीक्षाभूमीवर जातो. आता एकाच्या सात आसनी गाडीने नेपाळला जाण्याचे आमच्या मनात आहे. बारा दिवसांत लुंबिनी, पोखरा, मुक्तिनाथ, काठमांडू आणि जनकपूर पाहावे, अशी यादी आम्ही केली आहे. पासपोर्ट आमच्यापैकी एकाकडेच आहे. कोणत्या महिन्यात निघावे आणि कोणती कागदपत्रे लागतील?

उत्तर : आपली यादी बारा दिवसांची नाही. नागपूरहून जबलपूर, रीवा, वाराणसी आणि गोरखपूर या मार्गाने सोनौलीची सीमा सुमारे हजार किलोमीटरवर आहे, म्हणजे जाण्यायेण्यातच चार ते पाच दिवस संपतात. उरलेल्या आठवडाभरात आपण जी पाच ठिकाणे बसवली आहेत, त्यांच्यामधला रस्ता बहुतांश डोंगरी असून तेथे दिवसभरात दीड-दोनशे किलोमीटर कापले तरी पुष्कळ झाले. इतिहासाची स्थळे पाहणे हाच हेतू असेल, तर पोखरा, मुक्तिनाथ आणि जनकपूर पुढच्या खेपेसाठी ठेवावे आणि लुंबिनीचा परिसर व काठमांडूचे खोरे एवढेच निवांत पाहावे, असे माझे स्पष्ट मत आहे. जाताना वाराणसीजवळ सारनाथ आणि येताना गोरखपूरच्या पूर्वेला असलेले कुशीनगर घेतले, तर बुद्धांचे जन्मस्थळ, पहिल्या उपदेशाचे स्थळ आणि महापरिनिर्वाणाचे स्थळ ही तिन्ही एकाच प्रवासात होतात.

लुंबिनीत बहुतेक मंडळी मायादेवी मंदिरात दर्शन घेतात, बाहेरच्या अशोकस्तंभासमोर छायाचित्र काढतात आणि तासाभरात गाडीत बसतात. तसे करू नये. लोखंडी कठड्याच्या आत उभ्या असलेल्या या स्तंभावरील ब्राह्मी लेख 1896 मध्ये उजेडात आला. राज्याभिषेकाला वीस वर्षे झाल्यावर अशोक स्वतः येथे आला, येथे शाक्यमुनी बुद्धांचा जन्म झाला म्हणून त्याने या गावाला एक कर माफ केला आणि उत्पन्नावरील राजाचा वाटा आठव्या हिश्श्यावर आणला, असे त्यात कोरलेले आहे. सातबारा आणि शेतसारा ज्यांच्या रोजच्या बोलण्यात असतो, त्यांना हा लेख पाहताना गाइडची फारशी गरज पडू नये.

लुंबिनीच्या पश्चिमेला पंचवीस-तीस किलोमीटरवर तिलौराकोट आहे. शाक्यांची कपिलवस्तू ती हीच, असे नेपाळमध्ये मानले जाते. सीमेच्या अलीकडे, आपल्या सिद्धार्थनगर जिल्ह्यातील पिप्रहवा येथे कपिलवस्तूचे नाव असलेल्या मातीच्या मुद्रा सापडल्यामुळे तो मान तिकडेही सांगितला जातो. हा वाद आपण गाडीत बसून सोडवू नये, जमल्यास दोन्ही ठिकाणे पाहावीत. तिलौराकोटला तटबंदीचा पाया, खंदक आणि पूर्वेकडील दरवाजा पाहायला मिळतो; सिद्धार्थाने गृहत्याग केला तो याच दरवाजाने, अशी श्रद्धा आहे. पवनीच्या जगन्नाथ टेकडीवरील स्तूपाचे अवशेष ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना येथील विटांचे काम परके वाटणार नाही. जवळच निगलिहवा येथे तळ्याच्या काठी अशोकाचा दुसरा स्तंभ दोन तुकड्यांत पडलेला आहे. त्याच्या वरच्या तुकड्यावर मोर कोरलेले असून शके 1234 मध्ये येऊन गेलेल्या रिपुमल्ल नावाच्या राजाने तेथे आपले नावही कोरून ठेवले आहे. (पर्यटनस्थळी नाव कोरण्याची हौस अशी जुनीच आहे, आपण मात्र ती करू नये.)

काठमांडूशी आपले नाते वेगळे आहे. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरला धम्मदीक्षा दिल्यानंतर, पुढच्याच महिन्यात बाबासाहेब जागतिक बौद्ध परिषदेसाठी याच शहरात आले होते आणि बुद्ध व कार्ल मार्क्स यांची तुलना करणारे त्यांचे प्रसिद्ध भाषण तेथेच झाले. स्वयंभू आणि बौद्धनाथ हे दोन स्तूप आपण पाहालच, परंतु एक पूर्ण दिवस भक्तपूरला द्यावा. भूपतींद्र मल्ल राजाने 1702 मध्ये बांधलेले न्यातपोल हे पाच छपरांचे मंदिर 25 एप्रिल 2015 च्या भूकंपातही उभे राहिले, तर त्याच चौकाच्या आसपासची कित्येक बांधकामे कोसळली. त्याच्या जिन्यावर खालून वर दोन मल्ल, दोन हत्ती, दोन सिंह अशा रक्षकांच्या जोड्या बसवलेल्या असून प्रत्येक जोडी खालच्या जोडीच्या दसपट बलवान समजली जाते. गाडी चौकाबाहेरच लावावी लागते.

आता महिना. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये आकाश सर्वांत स्वच्छ असते, पण तेव्हा आपल्याकडे सोयाबीनची काढणी आणि पाठोपाठ कापसाची वेचणी असते. डिसेंबर-जानेवारीत गोरखपूर ते लुंबिनी या पट्ट्यात इतके दाट धुके पडते, की सकाळी गाडी चालवणे धोक्याचे ठरते. पावसाळ्यात नारायणघाट ते मुग्लिङ हा त्रिशूली नदीकाठचा रस्ता दरडींमुळे वारंवार बंद होतो. जुलै 2024 मध्ये तेथे दोन बसगाड्या नदीत वाहून गेल्या. म्हणून हरभरा घरात आल्यावर, मार्चमध्ये निघावे. डोंगरी रस्त्यावर रात्री गाडी चालवू नये.

कागदपत्रांत माणसांपेक्षा गाडीची चिंता अधिक करावी. भारतीय नागरिकाला नेपाळचा व्हिसा लागत नाही आणि पासपोर्ट नसल्यास निवडणूक आयोगाचे मूळ मतदार ओळखपत्र चालते. केवळ आधार कार्डावर विसंबू नये. गाडीचे मूळ नोंदणी प्रमाणपत्र, विमा, प्रदूषण प्रमाणपत्र आणि चालकाचा परवाना सोबत हवा. सीमेपलीकडे बेलहिया येथे जितके दिवस राहणार तितक्या दिवसांचा ‘भन्सार’, म्हणजे जकात, भरून पावती घ्यावी लागते. दिवस मोजताना एखादा दिवस जास्तच धरावा, कारण मुदत उलटल्यास दंड होतो. निघण्यापूर्वी विमा कंपनीकडून पॉलिसीची भौगोलिक हद्द नेपाळपर्यंत वाढवून घ्यावी. थोडा जादा हप्ता भरून ती मिळते, पण आपण मागितल्याशिवाय सहसा कोणी सुचवत नाही.

प्रश्न : आम्ही बचत गटातील सहा मैत्रिणी गावातील भाड्याची जीप चालकासह घेऊन याच मार्गाने जाऊ शकतो का? (एक वाचक भगिनी, आर्णी तालुका)

उत्तर : जाता येते, परंतु पिवळ्या पाटीच्या गाडीला परवान्याचे सोपस्कार वेगळे आणि वेळखाऊ असतात, शिवाय डोंगरी रस्त्यांची सवय नसलेला चालक बिचारा घायकुतीला येतो. नागपूरहून रेल्वेने गोरखपूर गाठावे, तेथून सोनौलीपर्यंत बस अथवा टॅक्सी करावी आणि सीमेपलीकडे भैरहवा येथे नेपाळी क्रमांकाची गाडी चालकासह ठरवावी, हे आपल्याला अधिक सोयीचे पडेल.

प्रश्न : तिकडे आपले पैसे चालतात का?

उत्तर : शंभर भारतीय रुपयांचे 160 नेपाळी रुपये असा दर ठरलेला आहे. मोठ्या नोटांबाबतचे नियम वेळोवेळी बदलत आले असल्याने शंभराच्या नोटा पुरेशा ठेवाव्यात आणि उरलेली रक्कम सीमेवरच बदलून घ्यावी. तिकीटघरात आपण भारतीय असल्याचे सांगून ओळखपत्र दाखवावे, कारण सार्क देशांतील पर्यटकांना बहुतेक स्मारकांचे प्रवेशशुल्क इतर परदेशी पर्यटकांपेक्षा बरेच कमी असते.