हरणाच्या शिकारीसाठी जुने, पारखलेले काडतूस कोणते?

प्रश्न : माझा भाचा नोकरीनिमित्त अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात असतो. तो एच-वन-बी व्हिसावर आहे. येत्या नोव्हेंबरात सहकाऱ्यांबरोबर तो प्रथमच हरणाच्या शिकारीला जाणार आहे. एका ज्येष्ठ सहकाऱ्याने आपल्या दोन रायफलींपैकी हवी ती वापरण्यास सांगितले आहे : एक .३०-३० काडतुसाची लिव्हर-ॲक्शन (चापाजवळचा दांडा खाली-वर करून काडतूस भरायची), दुसरी .३०-०६ काडतुसाची बोल्ट-ॲक्शन (बाजूची खिटी मागे-पुढे ओढून भरायची). दुसरा एक सहकारी नवी .२७० घेण्याचा आग्रह करतो. आमच्याकडे आजोबांची परवान्याची ३१५ बोअर रायफल होती, म्हणून भाच्याने मला विचारले. त्याने काय निवडावे?
— एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : तिन्ही काडतुसे तेथील पांढऱ्या शेपटीच्या हरणाला पुरेशी आहेत. त्यामुळे ताकदीची तुलना बाजूला ठेवून हरीण किती अंतरावर दिसणार आणि भाच्याला रायफलीचा धक्का किती सोसणार, एवढेच पाहावे. जागा दाट जंगलाची असेल, तर माझे मत निःसंशय .३०-३० च्या बाजूने आहे.

हे काडतूस विंचेस्टर कंपनीने १८९५ मध्ये आपल्या १८९४ च्या लिव्हर-ॲक्शन रायफलीसाठी बाजारात आणले. त्याची १७० ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचे माप; १७० ग्रेन म्हणजे सुमारे ११ ग्रॅम) गोळी सेकंदाला सुमारे २,२०० फूट वेगाने सुटते आणि दीडशे यार्डांपर्यंत विश्वासाने काम करते. त्यापुढे ती झपाट्याने खाली येऊ लागते. झाडीत हरीण बहुधा शंभर यार्डांच्या आतच दिसते, म्हणून ही मर्यादा तेथे आड येत नाही. आजोबांच्या ३१५ ची गोळी याहून बरीच जड असते आणि तिचा धक्काही अधिक, हे आपल्याला आठवत असेल.

.३०-०६ हे १९०६ मध्ये अमेरिकी लष्कराने स्वीकारलेले काडतूस. त्याची १८० ग्रेनची गोळी सुमारे २,७०० फूट वेगाने जाते. १९२५ चे .२७० त्याच कुळातले असून हलक्या, १३० ग्रेनच्या गोळीमुळे त्याचा वेग ३,००० फुटांच्या वर जातो. मोकळ्या शेतांच्या कडेने लांबचा नेम धरायचा असेल, तर ही दोन्ही निश्चितच सरस आहेत. परंतु नवख्या माणसाला मोठ्या धक्क्याची धास्ती बसली की चाप ओढण्याआधीच त्याचे डोळे मिटतात, खांदा आखडतो आणि गोळी छातीऐवजी पोटात लागते. असे जखमी जनावर रानात दूरवर पळून तासन्‌तास तडफडत राहते, आणि हे टाळणे हे शिकाऱ्याचे पहिले कर्तव्य आहे. म्हणून नवी .२७० विकत घेण्याची घाई यंदा तरी करू नये.

.३०-३० बाबत एक गोष्ट भाच्याला आवर्जून सांगावी. या रायफलीत काडतुसे बहुधा बॅरलखालच्या नळीत एकामागे एक बसतात आणि मागच्या गोळीचे नाक पुढच्या काडतुसाच्या प्रायमरला, म्हणजे बुडातील बार पेटवणाऱ्या टोपीला, टेकलेले असते. टोकदार धातूची गोळी असल्यास धक्क्याने तो प्रायमर नळीतच उडू शकतो. म्हणून सपाट नाकाची, किंवा अशा रायफलीसाठीच बनवलेल्या मऊ टोकाची गोळी असलेलीच काडतुसे घ्यावीत. शिवाय .३०-३० आणि .३०-०६ ही दोन्ही नावे ‘३०’ नेच सुरू होत असल्याने काडतुसाच्या पितळी बुडावर कोरलेली अक्षरे बॅरलवरच्या अक्षरांशी दर वेळी जुळवून पाहावीत.

आता कायदा. एच-वन-बीसारख्या व्हिसावरील परदेशी नागरिकाला बंदूक किंवा काडतूस बाळगण्यास अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने मनाई आहे. वैध शिकार-परवाना जवळ असल्यास सूट मिळते. त्यामुळे सरावासाठीसुद्धा रायफल हाती घेण्यापूर्वी परवाना काढावा. विस्कॉन्सिनमध्ये १ जानेवारी १९७३ रोजी किंवा नंतर जन्मलेल्यांना त्यासाठी सामान्यतः शिकारी-प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र लागते. ते प्रशिक्षण त्याने अवश्य घ्यावे.

आपल्याकडे मात्र हा विषय बंद आहे. सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावरील काळविटांना वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ चे संपूर्ण संरक्षण असून त्यांची शिकार हा गंभीर गुन्हा आहे. भाचा सुटीत सोलापूरला येईल तेव्हा आठवण म्हणून एखादे काडतूस बॅगेत ठेवू नये, हेही त्याला बजावावे. विमानतळावर ते सापडल्यास शस्त्र अधिनियमाखाली गुन्हा दाखल होऊ शकतो.