बेसबॉल सोडून कॉलेजात शिकवायला गेलेला मोठा खेळाडू कोण?

माझं उत्तर रे फिशर. अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्याचा हा पिचर (चेंडू फेकणारा खेळाडू) न्यूयॉर्क यांकीज संघाकडून खेळायचा. तो लॅटिनही शिकवायचा, म्हणून त्याचं टोपणनावच 'व्हरमाँटचा मास्तर' पडलं. पुढे तो सिनसिनाटी संघात गेला, आणि १९१९ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे हंगामाच्या अंतिम मालिकेत, त्यांच्यासाठी तिसऱ्या सामन्यात सुरुवातीचा पिचर तोच होता.

१९२१ मध्ये त्याने मिशिगन विद्यापीठाच्या प्रशिक्षकाची नोकरी धरली, आणि सिनसिनाटीशी झालेल्या कराराच्या वादावरून बेसबॉलचे प्रमुख, कमिशनर लँडिस यांनी त्याच्यावर व्यावसायिक बेसबॉलमधून कायमची बंदी घातली. इतकी कडक शिक्षा मला आजही अन्यायाचीच वाटते. फिशर मात्र मिशिगनमध्येच ३८ हंगाम मुलं घडवत राहिला. १९५३ मध्ये त्याच्या संघाने कॉलेज बेसबॉलचं राष्ट्रीय विजेतेपद पटकावलं. बंदी उठली १९८० मध्ये, तेव्हा त्याने नव्वदी ओलांडली होती! मिशिगनच्या मैदानाला आज त्याचंच नाव आहे.