फ्रेंच टोस्ट आतून लगदा आणि वरून ऑम्लेट का होतो? आठ जणांसाठी गोड, फळं घालून करायचा आहे

रविवारी सकाळी आठ जण येणार, गोड फ्रेंच टोस्ट आणि फळं असा बेत, आणि आजवर जेव्हा जेव्हा केला तेव्हा आतून लगदा नि वरून ऑम्लेट, असं तुम्ही लिहिलंय. मी कोल्हापूरचा, स्वयंपाकात तसा अर्धवटच गडी. पण हा एक पदार्थ आमच्या घरी माझ्याकडे असतो, कारण उरलेला ब्रेड संपवायची जबाबदारी माझी आणि ब्रेड उरवणाराही मीच.

आमच्याकडे मिसळीबरोबर बहुतेक ठिकाणी स्लाईस ब्रेड मिळतो, पाव नाही. घरी मिसळ केली की कटाला ब्रेड कमी पडेल या भीतीने मी एक पुडा जास्त आणतो. तो दर वेळी उरतो. फ्रेंच लोक या टोस्टला ज्या नावाने ओळखतात त्याचा अर्थच मुळी 'वाया गेलेला पाव' असा आहे. आपल्या फोडणीच्या पोळीचा तो लांबचा भाऊ समजा. तुम्ही पाहुण्यांसाठी म्हणून सकाळी बेकरीतून लुसलुशीत ब्रेड आणत असणार, आणि लगद्याची सुरुवात तिथेच होते.

ताजा ब्रेड आधीच ओलसर असतो, त्यात दूध शिरलं की तो बसतो. शिळा होताना त्यातलं पाणी कमी होतं, शिवाय आतला स्टार्च पुन्हा घट्ट होत जातो, म्हणून असा ब्रेड दूध पिऊनही अंग धरून राहतो. फ्रीजमध्ये ब्रेड बाहेरच्यापेक्षा लवकर शिळा होतो. एरवी हे वाईट, इथे फायद्याचं. शनिवारी न कापलेला अख्खा ब्रेड आणा, अंगठ्याएवढ्या जाड स्लाईस करा आणि ताटात पसरून, न झाकता, रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा. विसरलात तर सकाळी मंद तव्यावर कोरड्याच दोन्हीकडून गरम करून घ्या, रंग येऊ न देता. बाजारच्या पातळ कापलेल्या स्लाईसचाही होतो, पण त्या बुडवायला घेतल्या की लगेच काढायच्या. जाड स्लाईस मात्र एकेका बाजूने अर्धा मिनिट तरी बुडू द्या, नाहीतर मधे कोरडा पांढरा पट्टा राहतो.

आता ऑम्लेटचं. पांढरं नीट फेटलं गेलं नाही की त्याच्या तारा ब्रेडवर चिकटतात आणि तव्यावर त्यांचा पापुद्रा होतो. दूध ओतून मग फेटायला गेलात तर बलक फुटतो, पण पांढरं तसंच लोंबत राहतं. म्हणून आधी नुसती अंडी चिमूटभर मीठ घालून, चमच्यातून पाण्यासारखी सुटेपर्यंत फेटा. मग दूध. मग चहाच्या गाळणीतून गाळून घ्या. गाळणीत जे दोरे अडकतील ते बघितलंत की पुढच्या वेळी मी सांगायची गरज पडणार नाही.

आठ जणांना सोळा स्लाईस धरल्या तर ८ अंडी आणि ४०० मिली दूध, म्हणजे दोन स्लाईसमागे एक अंडं आणि पाव वाटी दूध. याहून जास्त दूध घालू नका. दूध वाढलं की अंड्यातली प्रथिनं विरळ होतात, तव्यावर आतलं मिश्रण धरत नाही, आणि तुम्ही म्हणता तो लगदा होतो. दूध म्हशीचं असेल तर सोन्याहून पिवळं. आमच्या कोल्हापुरात गंगावेशीत डोळ्यांसमोर काढलेलं धारोष्ण दूध प्यायला लोक कट्ट्यावर उभे राहतात, त्या गावात मी पातळ दुधाची शिफारस करणार नाही. मात्र टोस्टसाठी दूध तापवून गार केलेलंच घ्या, कारण गरम दुधात अंड्याच्या गुठळ्या होतात. वासासाठी जायफळ किसून घाला. अंड्याच्या वासाला वेलचीपेक्षा जायफळच पुरून उरतं, असं माझं मत आहे.

मिश्रणात साखर जवळजवळ नकोच. सोळा स्लाईसना दोन चहाचे चमचे, बस. साखर जास्त झाली की आतलं शिजायच्या आधी बाहेरचं काळं पडतं, तव्याला चिकटतं, आणि घाबरून आपण टोस्ट कच्चाच उतरवतो. गोडवा वरून यायला हवा.

वरून घालायला परदेशात मेपलचं सिरप वापरतात. ते त्या झाडाच्या रसाचं असतं, साधारण ४० लिटर रस आटवला की १ लिटर सिरप. इथे त्याची टीचभर बाटली घ्यायची तर त्या पैशांत काकवी घरभर पुरते. आणि काकवी म्हणजे तरी काय? उसाचा रस काहिलीत आटत असताना गूळ होण्याच्या अलीकडे काढून घेतलेला पाक. दिवाळीनंतर गुऱ्हाळं लागली की आमच्याकडे ती सहज मिळते. तिला जो किंचित खारट, धुराचा वास असतो तो अंडं, तूप आणि केळं यांच्याशी असा काही जमतो की मेपलवाल्यांनी एकदा खाऊन बघावं. घट्ट झाली असेल तर बाटली गरम पाण्यात उभी करा. गूळ चिरून दुधात घालायचा विचार मात्र मनात आणू नका, दूध गरम असेल तर फाटतं.

फळं हंगामाप्रमाणे. हिवाळ्यात महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी मिळते. चिरून चमचाभर साखर लावून अर्धा तास ठेवली की साखर फळातलं पाणी ओढून घेते, आयताच लाल रस तयार. एप्रिल-मेमध्ये हापूस असेल तर फक्त फोडी, वर काहीही नको. आंब्यावर काकवी ओतणं हा आंब्याचा अपमान आहे आणि काकवीचाही. बाकी बाराही महिने केळी. उभी अर्धी कापून, टोस्ट झाले की त्याच तव्यावर तुपात मिनिटभर परता आणि वरून काकवीची धार सोडा. दूध आणि फळ एकत्र नको म्हणणारं कुणी घरात असेल तर त्यांना शिकरणाची आठवण करून द्या.

सोबत फेटलेली साय किंवा गोड न केलेला चक्का ठेवा, आंबटपणाने तोंड बांधत नाही. एकदा मी चक्क्यात कच्चं अननस चिरून आदल्या रात्रीच ठेवलं होतं. सकाळी अख्खा वाडगा कडू. अननसातलं एक विकर दुधाची प्रथिनं तोडतं, त्याचा हा प्रताप. अननस हवंच असेल तर आधी शिजवून घ्या, उष्णतेने ते विकर निकामी होतं.

तवा मध्यमहून थोडा मंद. तुपावर भाजा. नुसत्या बटरवर भाजलंत तर त्यातला दुधाचा अंश करपून काळे ठिपके येतात. चवीसाठी बटर हवंच असेल तर शेवटच्या अर्ध्या मिनिटात कडेने सोडा. एकेका बाजूला तीन मिनिटं, आणि मधे बोटाने दाबलं तर टोस्ट स्पंजासारखा वर यायला हवा. दाबल्यावर कडेने ओलं आलं तर अजून एक मिनिट.

पहिल्यांदा पाहुण्यांसाठी केला तेव्हा मी सगळं बरोबर करून शेवटी माती खाल्ली. गरम राहावेत म्हणून बारा टोस्ट एकावर एक रचून कॅसरोलमध्ये ठेवले आणि झाकण लावलं. वीस मिनिटांनी उघडलं तर आतल्या वाफेने सगळे घामेजलेले, खालचे तर एकजीव. माझ्या मेव्हण्याने चमचा मागितला आणि विचारलं, "दाजी, शिरा झाकास झालाय, पण फ्रेंच टोस्ट कुठाय?" तेव्हापासून टोस्ट जाळीवर सुटे ठेवतो. ओव्हन असेल तर १०० अंशांवर जाळीसकट आत सरकवा. नसेल तर दोन तवे लावा आणि होतील तसे वाढत जा. सोळा टोस्टना दोन तव्यांवर अर्धा तास धरा. तोवर लोक फळं खातात, गप्पा मारतात, कुणाची काही तक्रार नसते.

एक विसरलो. तुमचा बेत रविवारचा आहे, तेव्हा येणाऱ्यांत कुणाचा जोतिबाचा वार आहे का ते आधी विचारा. आमच्या सासूबाई रविवारी अंड्याला हात लावत नाहीत. त्यांच्यासाठी वाटीभर गार दुधात दोन मोठे चमचे कस्टर्ड पावडर कालवतो, तिच्यात अंडं नसतं, मुख्यतः कॉर्नफ्लोअर असतं. ते तळाशी बसतं, म्हणून प्रत्येक स्लाईस बुडवण्याआधी ढवळायचं. त्यांचा तवा वेगळा, उलथनं वेगळं, आणि त्यांचे टोस्ट सगळ्यात आधी. मागच्या खेपेला अंड्याचे दोन उरले आणि बिनअंड्याचा एकही उरला नाही, त्यामुळे हल्ली ते मी दुप्पटच करतो.