खडीच्या वाटेवर सायकलने पहिल्यांदाच निघताय?

आधी टायरमधली हवा कमी करा. डांबरी रस्त्याच्या सवयीने टायर टणक भरला, तर सायकल खडीवर नाचते आणि मनगटं भरून येतात. ४० मिमीचा ट्यूबलेस टायर आणि ७० किलोच्या आसपास वजन असेल, तर ३० ते ३५ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) इथपासून सुरुवात करा, पुढच्या चाकात थोडी कमीच. रिमला दगड लागल्याचा आवाज आला, की जरा वाढवा.

चढावर उभं राहिलात तर मागचं चाक जागीच फिरतं. बसून, हलक्या गिअरवर चढा. उतारावर ब्रेक वळणाच्या आधी दाबा, वळणात नको.

तळ्याकाठची वाट नकाशावर सपाट दिसते, म्हणून नवखे हमखास तीच निवडतात. पावसानंतर मात्र तिथली चिकणमाती टायर आणि फ्रेममधल्या फटीत भरून चाकच अडवते. तेव्हा टेकडीवरची मुरमाड वाट बरी, तिथे पाणी लवकर निथळतं. चिखलात चाक अडलंच तर पेडलवर जोर लावू नका, डिरेलर, म्हणजे चेन सरकवून गिअर बदलणारा भाग, मोडेल. उतरा, काडीने खरवडा.

आणि अंतर? डांबरीवर ६० किमी सहज होत असतील, तर इथे सुरुवातीला ३५ पुष्कळ झाले.