तुरीची झडती दसऱ्याला विचारू नये

दारव्हा, जि. यवतमाळ
कोजागिरीनंतरचा रविवार

प्रिय बाळ,

परवा फोनवर आकडा सांगितलास आणि गप्प झालास. तुझ्या स्वतःच्या प्रश्नावरच्या पेपरला दोन वर्षांत तीन सायटेशन, म्हणजे इतरांच्या पेपरांत तीनच उल्लेख, आणि शेजारच्या टेबलावरच्या मुलीला चाळीस. तेव्हा मला काही सुचलं नाही, म्हणून लिहितोय. मी तुझ्यासारखा विश्वाचा अभ्यास करणारा कॉस्मॉलॉजिस्ट नव्हे. जन्मभर अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवलं. एकुलता एक पेपर लिहिला, त्याला एकच सायटेशन, तेही आमच्या गाइडनं स्वतःच्या पुढच्या पेपरात दिलेलं. पण हिशेब मला कळतो.

आधी आकडा नीट वाच. एच-इंडेक्स हिर्श नावाच्या भौतिकशास्त्रज्ञानं २००५ मध्ये सुचवला: किमान तीन सायटेशन असलेले तीन पेपर असले की एच तीन, चारची चार असली की चार. तुझ्या चार पेपरांना ३१, ६, ३ आणि १ सायटेशन, म्हणजे एच तीन. उद्या त्या ३१ चे ३१० झाले तरी एच तीनच राहील. एवढ्याशा गोष्टीवर तू जेवण सोडतोस!

दुसरं, कोणाला का उद्धृत करतात ते बघ. प्लँक उपग्रहाच्या २०१८ च्या निकालांतला, विश्वाचे मूलभूत आकडे देणारा पेपर दहा हजारांहून जास्त वेळा उद्धृत झालाय. कोणालाही गणितात हबल स्थिरांक, म्हणजे विश्वाच्या प्रसरणाचा दर, घालायचा झाला की तिथं जावं लागतं. ती बाजार समितीतली भावाची पाटी आहे, येणारा-जाणारा प्रत्येक जण वाचणारच. ती मुलगी निरीक्षणांच्या आकडेवारीवर काम करते, त्या वावरात माणसंही जास्त. तुझ्या प्रश्नावर जगात किती जण बसलेत? तूच म्हणालास, वीस-पंचवीस. त्यातल्या तिघांनी तुला वाचलं.

तुझ्या पुण्यातलंच बघ. आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेतले पद्मनाभन. त्यांच्या सर्वाधिक उद्धृत कामांत २००३ चा कॉस्मॉलॉजिकल कॉन्स्टंटवरचा, म्हणजे रिकाम्या अवकाशाच्या ऊर्जेवरचा, आढावा-लेख येतो. विश्वाचं प्रसरण वेग घेतंय हे १९९८ मध्ये कळलं होतं, आणि हा विषय नीट समजावून सांगणारं काहीतरी सगळ्यांनाच हवं होतं. आणि ते स्वतः मात्र पुढं वर्षानुवर्षं गुरुत्वाकर्षण आणि ऊष्मागतिकी यांचं नातं उकलत बसले.

आणि राय चौधुरी. हे नाव तुला समीकरणामुळं माहीत आहे, माणसामुळं नव्हे. कोलकात्यात त्यांना नोकरीचं काम म्हणून धातूंवर संशोधन करावं लागायचं, सापेक्षता त्यांच्या स्वतःच्या ओढीची. शेजारी-शेजारी चालणाऱ्या कणांचे मार्ग गुरुत्वाकर्षणानं एकमेकांकडं कसे ओढले जातात, हे सांगणारं त्यांचं समीकरण १९५५ मध्ये फिजिकल रिव्ह्यूत आलं. दहा वर्षांनी पेनरोज आणि मग हॉकिंग यांनी सिंग्युलॅरिटीची, म्हणजे जिथं गुरुत्वाकर्षणाचं गणितच कोलमडतं अशा जागांची, प्रमेयं मांडली, त्यांत हे समीकरण कळीचं ठरलं. पेनरोजना नोबेल मिळालं २०२० मध्ये. राय चौधुरी २००५ मध्येच गेले होते. गंमत अशी की आज ते समीकरण वापरणारे कित्येक जण मूळ पेपरचा उल्लेखही करत नाहीत. नावच समीकरणाला चिकटलं, मग सायटेशन कशाला? मोजणाऱ्या यंत्राला ते दिसतच नाही.

आपल्याकडं सोयाबीनमध्ये तूर टाकतात. चार तास (ओळी) सोयाबीन, एक तास तूर. आता वावरात हडंबा (मळणीयंत्र) चालू आहे, सोयाबीन निघालं, झडती किती लागली, म्हणजे एकरी पीक किती आलं, याचीच चर्चा चावडीवर. तूर अजून फुलावर उभी आहे. दसऱ्याला तिची झडती कोणी विचारत नाही.

पण दिवाळी सोयाबीनच्या पैशावरच होते, हेही खरं. पोस्टडॉकचे, म्हणजे पीएचडीनंतरच्या संशोधनाच्या नोकरीचे, अर्ज नेमके आपल्याकडं हरभरा पेरतात तेव्हाच भरावे लागतात, आणि निवड करणारा माणूस तुझ्या कागदांना दहा मिनिटं देतो. म्हणून ग्रुपसोबतचं काम टाकू नकोस. तुझा पेपर अर्काइव्ह या सर्वांना खुल्या वेबसाइटवर आहेच, त्या वीस-पंचवीस जणांपैकी पाचांना छोटी मेल कर, सेमिनार माग. पहिलं पान पुन्हा लिही. मी दोनदा वाचलं, प्रश्न काय आहे तेच तिसऱ्या परिच्छेदापर्यंत कळेना. नव्या कोणाच्या पेपरात तुझं काम खरंच यायला हवं होतं असं वाटलं तर सभ्यपणे कळव, त्यात लाज नाही. मात्र स्वतःच्याच जुन्या पेपरांची भरताड करू नकोस. ते लगेच दिसतं, आणि वाईट दिसतं.

तो तीन सायटेशनवाला पेपर दिवाळीला छापून आण. अकरावीची पोरं शाळेत नसतील, पण मी आहे, आणि फळा आहे.

तुझी माय काल धुऱ्यावर भेटली. म्हणाली, "पोट्ट्याचं शिक्षण कधी सरते जी, सर?" मी तिला काय सांगू, तेवढं कळव.

तुझा,
सर