झिंक वाढवून लायनर वाचत नाही

दादा, तुम्ही लिहिलंय की ट्रॉलरच्या सहा सिलिंडर इंजिनाचं झिंक (स्वतः झिजून बाकीचा धातू वाचवणारा जस्ताचा तुकडा) वेळच्या वेळी बदलता, तरी तिसऱ्या सीझनला लायनरला (पिस्टन ज्यात वरखाली होतो त्या नळीला) भोकं पडली आणि ऑइल दुधाळ झालं. आता आणखी जाड झिंक घालू का, असं विचारताय. नका घालू. त्या भोकांशी झिंकचा संबंधच नाही.

इंजिनात दोन तऱ्हेचं पाणी फिरतं. खारं पाणी पंपाने आत येतं, हीट एक्स्चेंजरच्या, म्हणजे गोड्या पाण्याची उष्णता खाऱ्या पाण्याला देणाऱ्या भांड्याच्या, नळ्यांतून जातं आणि बाहेर पडतं. लायनरभोवती फिरतं ते गोडं पाणी, त्याचा फेरा बंद. झिंक असतं खाऱ्या बाजूला, एक्स्चेंजरच्या नळ्या आणि तोंडं वाचवायला. लायनरपर्यंत ते पोचत नाही.

लायनरचं दुखणं वेगळं आहे. दर स्फोटाला पिस्टन एका अंगाला रेटला जातो, लायनर थरथरतो आणि त्याच्या बाहेरच्या अंगाला पाण्यात बारीक बुडबुडे होऊन तिथेच फुटतात. रात्रंदिवस, त्याच जागी. काढलेला लायनर धुऊन उन्हात धरा. टाचणीने टोचल्यासारखी भोकं एका उभ्या पट्ट्यात दिसतील, बाकी अंग जवळजवळ चांगलं. नुसत्या गंजाने असं होत नाही.

यावर उपाय कूलंटमधल्या, म्हणजे गोड्या पाण्यात घालायच्या, पाणी गोठू न देणाऱ्या आणि गंज रोखणाऱ्या द्रवातल्या रसायनाचा. ते लोखंडावर पातळ थर धरतं. बुडबुडा फुटला की थर जातो, पुन्हा धरतो, आणि खालचं लोखंड वाचतं. साध्या पाण्यात हा थर नाही. "कोकणात कुठे बर्फ पडतो, कूलंट कशाला?" हे मी बंदरात कायम ऐकतो, आणि दरवेळी जीव तुटतो, कारण त्या एका वाक्यापायी लोकांनी अख्खी इंजिनं उघडली आहेत. सुरुवातीला मीही एक सीझन बोअरचंच पाणी घातलं होतं. हेड काढलं तेव्हा वॉटर जॅकेटमध्ये (लायनरभोवतीच्या पाण्याच्या पोकळीत) चुन्याचा थर नखाएवढा जाड होता आणि दोन लायनर आरपार गेले होते.

तेव्हा कूलंट घ्या ते हेवी ड्युटी डिझेलचं, वेट लायनरला (ज्याला पाणी थेट लागतं त्या लायनरला) चालतं असं डब्यावर लिहिलेलं. मोटारीचं नको. तयार मिक्स मिळालं तर उत्तम, नाहीतर निम्मं कूलंट आणि निम्मं डिस्टिल्ड वॉटर. किनाऱ्याजवळच्या विहिरीत आणि बोअरमध्ये क्षार असतातच, ते पाणी नको. वेगळ्या जातीचं कूलंट त्यात मिसळू नका. रंग एक दिसला म्हणून जात एक असते असं नाही. आणि खलाशांना सांगून ठेवा: पाणी कमी दिसलं की साध्या पाण्याची बाटली ओतायची नाही. असं करत करत चार महिन्यांत कूलंटचं पाणीच होतं. टॉप-अपलाही त्याच मिक्सचा कॅन बोटीवर ठेवा.

थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत पाणी अडवणारी झडप) काढून टाकला असेल तर परत बसवा. इंजिन थंड चाललं की लायनरवरचा मार कमी होत नाही, उलट वाढतो. प्रेशर कॅपचं (गोड्या पाण्याचा दाब धरणाऱ्या झाकणाचं) रबर कडक झालं असेल तर कॅप बदला. दाब टिकला तर बुडबुडे कमी होतात.

आता खारी बाजू. झिंक निम्मं झिजलं की बदला, संपायची वाट बघू नका. झिंक ज्या बुचाला असतं त्याच्या आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळू नका, धातूला धातू लागला तरच झिंक काम करतं. जुनं झिंक तुटून आत पडलं असेल तर एक्स्चेंजरच्या टोकाचं झाकण (एंड कव्हर) उघडून तुकडे काढा, ते नळीच्या तोंडाशी अडकतात. नळ्या साफ करायला लोखंडी सळई घालू नका, नायलॉनचा ब्रश पुरतो. ॲसिड ओतून साफ करणारे भेटतील, त्यांना हात लावू देऊ नका.

सगळ्यात जास्त नुकसान होतं ते पावसाळी मासेमारी बंदीच्या दोन महिन्यांत. होडी शाकारून ठेवतो आणि एक्स्चेंजरमध्ये खाडीचं गढूळ पाणी तसंच उभं राहतं. गाळ सडतो आणि तांब्या-निकेलच्या नळ्या त्यातच खड्डे पडून जातात. बंदी लागायच्या आधी खारी बाजू गोड्या पाण्याने धुवा, पूर्ण निथळा आणि इंपेलर (खाऱ्या पाण्याच्या पंपातलं रबरी चक्र) काढून ठेवा. गोड्या बाजूला मात्र कूलंट भरलेलंच राहू द्या. रिकामं ठेवलं की ओल्या हवेत गंज धरतो.

नवीन लायनर बसवायच्या आधी एक काम करा. एक्स्चेंजर काढून दोन्ही एंड कव्हर उघडा, गोड्या बाजूची तोंडं बंद करा आणि हातपंपाने कॅपवर लिहिलेल्या दाबाइतकी हवा भरा. मग सगळा पाण्यात बुडवून प्रत्येक नळीच्या तोंडाकडे नीट बघा. एकाही नळीतून बुडबुडा आला तर कधी ना कधी खारं पाणी कूलंटमध्ये शिरतं, मग कितीही महागाचं कूलंट घातलं तरी टिकणार नाही. टेस्ट झाली की काय दिसलं ते इथेच लिहा, लायनरचा फोटोही टाका.